कपाटातल्या तबकड्या

(ट्रस्टच्या महोत्सवी कुटुंब-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला नेमून दिलेला विषय प्रथमदर्शनी जरा रुक्ष वाटण्याजोगा आहे. लिहिता येणाऱ्या डीव्हीडी तबकड्या किती प्रकारच्या, आणि एका घरी चालणारी तबकडी शेजारच्या घरी का चालत नाही, हा तो विषय. महोत्सवाच्या आनंदात हे कसले गणित, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु असे पाहा. साधारण २००३ ते २०१५ या बारा-तेरा वर्षांत आपल्या उचगावात, सुळग्यात, हिंडलग्यात आणि तिकडे निपाणीपर्यंत जी लग्ने लागली, जे निकाह झाले, बारशी झाली, शाळांची स्नेहसंमेलने झाली, त्यांचे चित्रण बहुतांशी या एकाच वस्तूवर आहे. त्यापूर्वीच्या आठवणी कागदी फोटोंवर आणि व्हिडिओ कॅसेटवर, त्यानंतरच्या मोबाइलमध्ये. मधला काळ मात्र या चकचकीत तबकडीच्या स्वाधीन आहे. त्या चित्रणातली कित्येक वडीलधारी माणसे आज आपल्यात नाहीत. त्यांचे चालणे, बोलणे, पान खाता खाता हसणे कुठे शिल्लक असेल तर ते तिथे आहे, आणि ते आणखी किती वर्षे शिल्लक राहील हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. तबकडी आत सारावी, प्लेअरने घुर्र घुर्र करावे, आणि पडद्यावर 'नो डिस्क' अशी अक्षरे उमटावीत. मग कोणी तबकडी सदऱ्याला पुसतो, कोणी तिला तोंडाची वाफ देतो, कोणी प्लेअरच्या डोक्यावर चापट मारतो. शेवटी दोष जातो स्टुडिओवाल्याकडे. तो आपल्या संगणकावर तीच तबकडी लावतो, तिथे ती सुरळीत चालते, आणि तो म्हणतो, तुमचा प्लेअर बिघडला. प्लेअर विकणारा म्हणतो, तबकडी हलकी आहे. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे. खरे कारण त्या दोघांच्याही हातातले नव्हते. जपान, हॉलंड आणि अमेरिका येथील बड्या कारखानदारांच्या एका भांडणात ते दडलेले आहे.

डीव्हीडी मुळात जन्मली समेटातून. १९९४-९५ च्या सुमारास चित्रपट साठवण्याच्या नव्या तबकडीचे दोन आराखडे पुढे आले होते. एक सोनी आणि फिलिप्स यांचा, दुसरा तोशिबा, मात्सुशिता, टाइम वॉर्नर या मंडळींचा. त्यापूर्वी व्हिडिओ कॅसेटमध्ये बीटामॅक्स आणि व्हीएचएस असे दोन पंथ निघून गिऱ्हाइकांचे जे हाल झाले ते सर्वांच्या स्मरणात होते. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी, आयबीएमच्या पुढाकाराने, दोघांनाही बजावले की आम्हांला तबकडी एकच हवी. १९९५ च्या अखेरीस समेट झाला. दहा कंपन्यांचा संघ बनला, त्यालाच पुढे डीव्हीडी फोरम म्हणू लागले, आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानात पहिले प्लेअर विक्रीस आले.

पण हा समेट छापील तबकडीपुरता होता. छापील म्हणजे कारखान्यात साच्यावर काढलेली, जिच्यावर चित्रपट विकत मिळत. घरी किंवा स्टुडिओत लिहिता येईल अशी कोरी तबकडी कशी असावी यावरून पुन्हा फाटाफूट झाली. पायोनियर कंपनीने १९९७ साली डीव्हीडी-आर काढली. १९९८ साली मात्सुशिता, हिताची आणि तोशिबा यांची डीव्हीडी-रॅम आली. १९९९ च्या अखेरीस पायोनियरचीच डीव्हीडी-आरडब्ल्यू. या तिन्हींना फोरमची मान्यता होती. तिकडे फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड, रिको, यामाहा आदींनी १९९७ पासूनच वेगळी चूल मांडली होती. त्यांची डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ साली आणि डीव्हीडी+आर २००२ साली बाजारात आली. गंमत अशी की फिलिप्स आणि सोनी हे फोरमचेही सभासद आणि या दुसऱ्या आघाडीचेही. अशी माणसे दाखवायला आपल्याला गावाबाहेर जावे लागत नाही, त्यामुळे अधिक स्पष्ट करीत नाही.

यातले 'आर' म्हणजे एकदाच लिहायची. 'आरडब्ल्यू' म्हणजे पुसून पुन्हा, अशी हजारएक वेळा लिहिता येणारी. 'रॅम' लाखभर वेळा लिहिता येईल असे सांगत. नावातली ती आडवी रेघ वास्तविक नुसती जोडरेघ होती. पण समोर 'प्लस' येऊन उभा राहिल्यावर लोक तिला 'मायनस' म्हणू लागले आणि बिचारी काही दोष नसताना उणी ठरली.

आता वर्गात मुले विचारतात की सर, सगळ्या तबकड्या तर दिसायला सारख्याच. व्यास १२ सेंटीमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आणि रॅम व डॅश-आर यांच्या पहिल्या आवृत्त्या सोडल्या तर जागाही सारखीच, ४.७ अब्ज बाइटांची. मग फरक कुठे? फरक मुख्यतः दोन ठिकाणी आहे.

पहिला फरक लिहिणाऱ्या यंत्राला वाट कशी सापडते यात. कोऱ्या तबकडीवर आतून बाहेर गोल गोल जाणारी एक बारीक चरी कारखान्यातच कोरलेली असते. दोन वळशांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही पाऊणपट. नांगराला जशी आधीची सरी, तशी लेसरच्या किरणाला ही चरी. आता आपण शेताच्या कोणत्या भागात आहोत हे किरणाला कळावे म्हणून डॅश पक्षाने सरींमधल्या वरंब्यावर बारीक खळगे ठेवले. प्लस पक्षाने चरीच्या नागमोडी वळणातच पत्ता गुंफला. एका पद्धतीची सवय असलेले लिहिण्याचे यंत्र दुसऱ्या पद्धतीच्या तबकडीवर लिहू शकत नसे, ते यामुळे.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा, कारण तो आपल्या प्लेअरला भोवतो. प्लेअर तबकडीवर लाल किरण टाकतो आणि परत येणारा प्रकाश मोजतो. छापील, एका थराच्या तबकडीवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो. एकदाच लिहायच्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ लेप असतो, वर चांदीसारख्या धातूचा थर. लिहिताना किरणाच्या उष्णतेने रंगद्रव्य ठिकठिकाणी करपते; ते करपलेले ठिपके म्हणजेच आपले चित्र आणि आवाज. हिच्यावरून येणारा प्रकाश छापील तबकडीच्या जवळपास असतो. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्य नाही, मिश्रधातू असतो. तो वितळवून झटकन थंड केला की मंद दिसतो, हळू थंड केला की चकाकतो, म्हणून पुसता येतो. पण तिच्यावरून प्रकाश परत येतो तो जेमतेम १८ ते ३० टक्के. छापील तबकड्यांत दोन थरांची एक जात आहे, तिचाही प्रकाश तितकाच. जुन्या प्लेअरला आरडब्ल्यू दिली की तो मंद प्रकाश पाहून तिला दोन थरांची समजे, दुसरा थर शोधत बसे, तो काही सापडत नसे, आणि मग हात टेकी. तबकडी चांगली, प्लेअरही चांगला. ओळख पटली नाही इतकेच. रॅमची गोष्ट तर त्याहून निराळी. तिची मांडणीच वेगळी असल्याने घरगुती प्लेअरपैकी फारच थोडे तिला ओळखत.

ग्रामोफोनच्या काळात अगदी असेच झाले होते. आधी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी काढली, आणि पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने ४५ फेऱ्यांची. हे भांडण कोणाच्या विजयाने मिटले नाही. रेकॉर्ड-प्लेअरला वेग बदलायचा एक खटका बसला आणि तो सर्व तबकड्या वाजवू लागला. डीव्हीडीतही तेच घडले. २००२ च्या अखेरीस सोनीने दोन्ही पक्षांच्या तबकड्या लिहिणारे यंत्र विक्रीस आणले, आणि पाठोपाठ इतरांनीही. आपल्या बेळगावच्या बाजारातला दुकानदार मराठीशी मराठी, कानडीशी कानडी, उर्दूशी उर्दू बोलतो आणि त्याचा धंदा कुठे अडत नाही, तसे हे यंत्र. परंतु यंत्र दुभाषी झाले ते स्टुडिओतले. घरोघरी आधीच घेऊन ठेवलेले प्लेअर एकभाषीच राहिले, आणि भांडणाचा खरा भुर्दंड ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता अशा घरांवर पडला. कंपन्यांनी १९९५ साली जे शहाणपण दाखवले ते दोन वर्षांत त्यांनाच पुरले नाही, याबद्दल त्यांना दोष दिला पाहिजे असे माझे मत आहे.

या अडचणीवर प्लस पक्षाने एक युक्ती काढली होती. प्रत्येक तबकडीच्या आतल्या कडेला तिचा प्रकार लिहिलेला असतो. काही प्लेअर ही नोंद वाचून, ओळखीचा प्रकार नसेल तर पुढे पाहतच नसत. प्लस-आर तबकडीवर लिहिताना ही नोंद बदलून 'मी छापील तबकडी आहे' असे लिहिण्याची सोय होती. डॅश-आरमध्ये ती जागा आधीच भरलेली असल्याने ती सोय नव्हती. ही लबाडी की सोय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता. तबकडी तीच, मजकूर तोच, दारावरचा पहारेकरी तेवढा अडाणी. मी तरी तिला सोय म्हणतो. बऱ्याच स्टुडिओंत ही युक्ती माहीत नव्हती. ते आपले जुन्या प्लेअरसाठी डॅश-आर वापरत, आणि तेही व्यवहाराला धरूनच होते.

आता जो दोष घरोघरी आढळतो आणि ज्याचा इलाज अजून हातात आहे, त्याकडे वळतो. २००० नंतर तबकडीवर थेट चित्रण करणारे छोटे कॅमेरे निघाले. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या आपल्या अनेक बांधवांनी ते आणले. त्यांची तबकडी ८ सेंटीमीटरची, बशीएवढीही नाही, आणि तिच्यावर साधारण अर्ध्या तासाचे चित्रण मावे. चित्रण झाल्यावर कॅमेऱ्यात 'फायनलाइज' नावाची एक क्रिया करावी लागे. तिचा अर्थ असा की वहीत धडे तर लिहून झाले, आता पुढे अनुक्रमणिका लावून वही बांधायची. ती बांधली नाही तर प्लेअरला धडा कोणत्या पानावर आहे हेच कळत नाही, आणि त्याच्या लेखी वही कोरी. अशा कितीतरी तबकड्या 'खराब' म्हणून डब्यात पडून आहेत. त्या खराब नाहीत, बांधायच्या राहिल्या आहेत. ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले त्याच कॅमेऱ्यात घालून त्या बांधता येतात. म्हणून असा जुना कॅमेरा कोणाच्या माळ्यावर असेल तर तो भंगारात देऊ नका. आणि एक धोका ध्यानात ठेवा: तबकडी आत घातल्यावर कॅमेऱ्याने 'फॉरमॅट करू का' असे विचारले तर 'होय' म्हणू नका. ते अंगठा उमटवण्यापूर्वी कागद न वाचण्यासारखे होईल. कॅमेराच नसेल तर संगणकावर अशी अर्धवट तबकडी वाचणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांचा उपयोग होतो.

याखेरीज दोन किरकोळ गैरसमज आहेत. एक, संगणकावरची चित्रफीत जशीच्या तशी तबकडीवर उतरवली म्हणजे ती डीव्हीडी झाली असे लोक समजतात. प्लेअरला लागते ती एमपेग-२ या पद्धतीने, ठराविक नावांच्या फायलींत, 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरात मांडलेली. तशी मांडणी नसेल तर साधा प्लेअर गप्प बसतो आणि संगणक मात्र ती आनंदाने दाखवतो. दुसरा गैरसमज अमेरिकेत मुले असणाऱ्यांचा. येथून पाठवलेली लग्नाची तबकडी तिकडे चालली नाही की ते म्हणतात, रीजन वेगळा. भारताचा रीजन ५, आखाताचा २, अमेरिकेचा १, हे खरे. पण ते कुलूप विकत मिळणाऱ्या चित्रपटांना असते. घरगुती तबकडीला ते लावलेले नसते. अडचण असते ती चित्राच्या पद्धतीची. आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला २५ चित्रे आणि ५७६ ओळी. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे आणि ४८० ओळी. तिकडच्या कित्येक प्लेअरना आपली पद्धत उमगत नसे. आखातात पाल पद्धतच असल्याने दुबईचा भाऊ ती तबकडी पाही आणि न्यू जर्सीचा भाऊ मात्र तबकडी पाठवणाऱ्यावर रागावे.

हे झाले चालण्या-न-चालण्याचे. यापुढचा भाग मला अधिक काळजीचा वाटतो. तबकडी आज चालते म्हणून ती धडधाकट आहे असे समजू नये.

आमच्या शाळेचा हजेरीपट आपण पाहिला असेल. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज, प्रत्येक दिवसाची उभी बेरीज. एखाद्या चौकटीवर शाई सांडली तरी दोन्ही बेरजांवरून तिथे काय होते ते काढता येते. डीव्हीडीत मजकूर असाच मांडलेला असतो: २०८ ओळी, १८२ स्तंभ, आणि त्यांतले काही आकडे केवळ पडताळ्यासाठी. तबकडीवर ओरखडा आला, रंगद्रव्य थोडे फिकटले, तरी प्लेअर पडद्यामागे बेरजा करून गळलेला मजकूर निमूटपणे भरून काढतो. आपल्याला चित्र पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. पुढे शाई इतकी सांडते की बेरजाही पुसल्या जातात, आणि मग एके दिवशी, काल चाललेली तबकडी आज चौकोन चौकोन दाखवून थांबते. व्हिडिओ कॅसेट हळूहळू मुंग्या दाखवून सूचना तरी देई. ही सूचना देत नाही.

तबकडी आतून बाहेर लिहिली जाते. पूर्ण भरलेल्या तबकडीचा शेवट बाहेरच्या कडेशी येतो, आणि हाताळताना बोटे लागतात ती कडेलाच. दोन पत्र्यांची सांधणीही प्रथम तिथेच सुटते. त्यामुळे जाते ते बहुधा शेवटचे. लग्नाच्या तबकडीत शेवटी काय असते हे सांगायला नको. आमच्या फुफीचा आवाज आता फक्त एका तबकडीवर आहे. २००८ सालच्या एका निकाहात ती बायकांच्या घोळक्यात बसून गाणी म्हणते, मध्येच विसरते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. २०२२ साली मी ती तबकडी संगणकावर उतरवून घेतली. गाणी आली. रुखसतीची सात मिनिटे आली नाहीत. तीन निरनिराळ्या यंत्रांवर प्रयत्न केले, नाहीच आली. त्या सात मिनिटांत फुफीने नवरीला जवळ घेऊन काय सांगितले ते आता कोणालाच आठवत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या तबकड्यांत पाठवणीची मिनिटे याच वाटेवर असतील.

कंपन्यांनी तीस वर्षे, शंभर वर्षे असे आयुष्याचे आकडे जाहीर केले होते. ते प्रयोगशाळेत उष्णता आणि दमटपणा वाढवून बांधलेले अंदाज. आपल्याकडे मृगापासून चार महिने भिंतींना ओल असते, आणि नंतर उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली तापते. हा सगळा हिशेब त्या अंदाजात आपल्या कपाटापुरता धरलेला नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ साली तबकड्या जपण्याविषयी एक मार्गदर्शिका काढली. त्यातल्या सूचना साध्या आहेत: तबकडी कडेने धरावी, डबीत उभी ठेवावी, उन्हात ठेवू नये, पुसताना मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल गोल पुसू नये, आणि तिच्यावर चिकट कागद लावू नये. आपल्याकडे नवरा-नवरीच्या फोटोचा गोल कागद तबकडीभर चिकटवण्याची हौस होती. तो कागद सुटू लागला की ओढू नका, राहू द्या.

तबकडी टिकली तरी तिला वाचणारे यंत्र टिकले पाहिजे, आणि तिथे काळ आपल्या विरुद्ध आहे. आपल्या देशात या तबकड्यांचे मोठे नाव म्हणजे मोझर बेअर. १९८३ साली स्थापन झालेली ही कंपनी कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांत गणली जाई. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून चोरट्या तबकड्यांचा बाजार हादरवला होता. २०१८ साली ती कंपनी अवसायनात निघाली. उत्तम कोऱ्या तबकड्यांबद्दल नावाजलेल्या जपानच्या ताइयो युडेनने २०१५ सालीच हा धंदा सोडला. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये ती सेवा बंद केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने, डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे जातीच्या कोऱ्या तबकड्या बनवणे थांबवले. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पा आता बहुधा नसतोच.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. त्यांचे गाणे लोकांनी ग्रामोफोनवर ऐकले, मग कॅसेटवर, मग सीडीवर, आणि १९९२ साली ते गेल्यानंतर जन्मलेली मुलेही ते आज मोबाइलवर ऐकतात. कोणती एक वस्तू इतकी वर्षे टिकली म्हणून हे झाले नाही. दर वेळी कोणीतरी ते जुन्या वस्तूवरून नव्या वस्तूवर उतरवले. मोठ्या कलावंतांसाठी हे काम कंपन्या आणि संग्राहक करतात. आमच्या फुफीसाठी आणि तुमच्या आजीसाठी ते आपल्यालाच करावे लागेल.

काम अवघड नाही. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून विकत मिळतो. तो दुभाषी असतो, डॅश आणि प्लस दोन्ही वाचतो; म्हणून घरच्या प्लेअरने नाकारलेली तबकडी संगणकावर पुष्कळदा निघते. भरलेली एक तबकडी ४.७ जीबी धरली तर शंभर तबकड्यांना ४७० जीबी लागतील, म्हणजे एक टेराबाइटची हार्ड डिस्क अर्धीही भरणार नाही. उतरवताना 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर सबंध, काही न बदलता उतरवावे. मोबाइलवर पाहण्यासाठी लहान प्रत पाहिजे तर ती नंतर करावी. आधीच लहान करून मूळ टाकून देऊ नये. उतरवल्यावर सुरुवात, मध्य आणि विशेषतः शेवट पाहून खात्री करावी. मग दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, दुसऱ्या घरी.

आणि मूळ तबकडी फेकू नये. याला भावनेखेरीज कायद्याचेही कारण आहे, आणि विश्वस्त मंडळींनी त्याकडे लक्ष द्यावे. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, हा वाद न्यायालयात गेला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणाच्या तबकड्या हा त्यातला मोठा पुरावा ठरला. ती नक्कल ग्राह्य धरायची तर सोबत रीतसर प्रमाणपत्र पाहिजे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झाला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नकलेला प्रमाणपत्र आवश्यक; मात्र ते मिळवण्याची सर्व खटपट करूनही कचेरीने दिले नाही तर त्या माणसाला त्यापायी अडवता येत नाही. निवडणूक रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा अमलात आला आहे, आणि त्याच्या ६३ व्या कलमातही प्रमाणपत्राची अट आहे. आपल्या ट्रस्टच्या सर्वसाधारण सभांचे, जागेच्या मोजणीचे, देणगीदारांनी जाहीर केलेल्या शब्दाचे चित्रण याच तबकड्यांवर आहे. उद्या कधी गरज पडली तर मूळ तबकडी कोणती, नक्कल कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर केली, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी एक साधी नोंदवही पुरे.

विश्वस्तांशी माझे बोलणे झाले आहे. ट्रस्टच्या तबकड्यांपासून सुरुवात करून, उन्हाळी सुट्टीत दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात सभासदांच्या तबकड्या उतरवून देण्याचे काम मी आणि दहावीची परीक्षा संपलेली चार मुले करणार आहोत. त्याचे पैसे नाहीत. हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह मात्र ज्याचा त्याने आणावा. ज्यांत वडीलधाऱ्यांचे चित्रण आहे त्या तबकड्या आधी आणा, नट-नट्यांच्या मागून. तबकडीवर काही लिहू नका. कोणाचे कार्य, कोणते साल, कोण कोण दिसते, एवढे चिठ्ठीवर लिहून ती डबीत ठेवा, कारण चेहरे आम्हा मुलां-मास्तरांना ओळखता येणार नाहीत. ओरखडे पडलेल्या, 'चालत नाही' म्हणून बाजूला ठेवलेल्या तबकड्याही आणा. आणि लहान तबकडी असेल तर सोबत तो जुना कॅमेरा आणि त्याचा चार्जर शोधून ठेवा. चार्जर बहुधा दुसऱ्याच कपाटात असतो.